अंगठ्याला बांधलेला दोरा

होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. असाच एक बाजार बघायला मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावला गेले होते. ढोल एवढ्या जोरात वाजत होते, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागत होतं. फुटाणे, साखरेचे हार-कडे, घुंगरू, आरसे, रंगीत गोंडे. आणि त्या सगळ्या गर्दीत एका कडेला, एक पाय लांब करून, एक आजी मणी ओवत बसली होती.

तिच्या पायाच्या अंगठ्याला दोऱ्याचं एक टोक बांधलेलं होतं. मणी ओवायचा, बोटांनी सरकवत खालपर्यंत न्यायचा, दोरा ताणायचा, की पुढचा मणी. मधूनच ती ओच्यात सांडलेले जास्तीचे मणी झटकायची. मणी खाली उडायचे, पण माळ जागची हलायची नाही. मी विचारलं, "आजी, अंगठ्याला कशाला बांधलाय दोरा?" ती हसली आणि पावरी बोलीत काहीतरी म्हणाली. शेजारी तिची नात बसली होती, पाचवी-सहावीतली असेल. तिने मला मराठीत सांगितलं, "आजी म्हणते, एक टोक धरायला कोणी नसेल तर दोन हात काय काय करतील?"

मी तिथेच थबकले. कारण अगदी हीच गोष्ट न्यूयॉर्कमधल्या एका शास्त्रज्ञाला 26 मे 1959 या दिवशी सुचली होती. त्याने ती आपल्या वहीत लिहून ठेवली, आणि पंचवीस वर्षांनी तिच्यासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. त्याचं नाव रॉबर्ट ब्रूस मेरीफिल्ड.

मेरीफिल्डही मणीच ओवत होता. पण त्याचे मणी डोळ्यांना दिसणारे नव्हते.

आपल्या शरीरातली प्रथिनं म्हणजे लांबलचक माळा असतात. स्नायू, केस, नखं, रक्तातल्या तांबड्या पेशी, सगळीकडे याच माळा. त्यांच्या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात आणि ते प्रामुख्याने फक्त वीस प्रकारचे असतात. छोटी माळ असेल तर तिला पेप्टाइड म्हणायचं, मोठी माळ नीट घडी पडून कामाला लागली की प्रथिन. वीसच प्रकारचे मणी आणि त्यातून इतकं सगळं! गंमत मण्यांच्या क्रमात आहे. आणि क्रम चुकला तर काय होतं, हे नंदुरबार जिल्ह्यातल्या मुलांना मी सांगायला नको.

सिकलसेल हा शब्द या जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे. शाळेत रक्त तपासायला आरोग्यसेविका येतात, बोटाला टोचून थेंब घेतात, ती तपासणी याच आजाराची. सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात, बारीकशा रक्तवाहिनीतूनही दुमडून निघून जातात. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी मात्र प्राणवायू सोडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. त्या अडकतात. मग सांधे, हातपाय, पोट इतकं दुखतं की मूल रात्रभर कळवळतं.

याचं मूळ एका मण्यात आहे. खरंच, एकाच.

तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं. त्याच्या एका रेणूत चार माळा: दोन 141 मण्यांच्या, दोन 146 मण्यांच्या. त्या 146 मण्यांच्या माळेचे पहिले आठ मणी असे: व्हॅलीन, हिस्टिडीन, ल्युसीन, थ्रिओनीन, प्रोलीन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, लायसिन. मोठ्याने म्हणून बघा, पाढ्यासारखं लयीत येतं. सिकलसेलमध्ये यातला सहावा मणी बदलतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येतं. ग्लुटामिक आम्लाला पाण्याची ओढ असते, व्हॅलीन तेलासारखं पाण्यापासून अंग चोरतं. त्यामुळे एका हिमोग्लोबिनचं हे व्हॅलीन दुसऱ्या हिमोग्लोबिनच्या खोबणीत जाऊन चिकटतं, दुसरं तिसऱ्याला, आणि पेशीच्या आत लांब लांब ताठ दोऱ्या तयार होतात. त्या दोऱ्या पेशीला आतून ताणून विळा करतात. 146 मण्यांत एक मणी!

हे शोधलं व्हर्नन इन्ग्रॅम नावाच्या शास्त्रज्ञाने, 1956 मध्ये, इंग्लंडमधल्या केंब्रिजला. त्याने हिमोग्लोबिनच्या माळेचे छोटे छोटे तुकडे केले आणि ते ओल्या कागदावर पसरवले. निरोगी रक्ताच्या कागदावर जेवढे ठिपके, तेवढेच सिकलसेलच्या कागदावर. फक्त एक ठिपका जरा सरकलेला होता. त्या सरकलेल्या ठिपक्यात तो बदललेला मणी सापडला. मला ही गोष्ट वाचताना दरवेळी अंगावर काटा येतो. एवढं मोठं दुखणं आणि त्याची खूण म्हणजे कागदावरचा एक सरकलेला ठिपका.

आता समजा, तुम्हाला प्रयोगशाळेत ही आठ मण्यांची माळ स्वतः ओवायची आहे. एक बरोबर क्रमाची आणि एक सहावा मणी बदललेली, शेजारी शेजारी ठेवून बघायला. कशी ओवाल?

या मण्यांना भोक नसतं. प्रत्येकाला दोन आकडे असतात, एक डोक्याकडे आणि एक शेपटीकडे. एकाचं डोकं दुसऱ्याच्या शेपटीत अडकतं. दोन प्रकारचे मणी एका भांड्यात टाकले तर कोण कोणात अडकेल याचा नेम नाही. म्हणून रसायनशास्त्रज्ञ नको असलेल्या आकड्यावर टोपी घालतात. टोपी घातली की तो आकडा अडकत नाही, आणि हवं तेव्हा टोपी काढता येते. या टोप्यांची नावंही मजेशीर आहेत, एक बॉक आणि दुसरी एफमॉक.

जुन्या पद्धतीत हे सगळं पाण्यासारख्या द्रवात विरघळवून चालायचं. एक मणी जोडला की भांड्यात तयार माळ, उरलेले सुटे मणी आणि निघालेला कचरा, सगळं एकत्र विरघळलेलं असायचं. त्यातून आपली माळ वेगळी काढायची, स्वच्छ करायची, मग पुढचा मणी. प्रत्येक वेळी थोडी माळ वाया जायची. पाच-सात मण्यांच्या माळेत महिनेच्या महिने जायचे. अमेरिकेत विन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी 1953 मध्ये ऑक्सिटोसिन ही नऊ मण्यांची माळ बनवली, तर 1955 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, इतकं ते कठीण होतं.

मेरीफिल्ड स्वतः अशा माळा ओवून थकला होता. आणि मग त्याच्या मनात आलं, पहिला मणी कशाला तरी कायमचा बांधूनच टाकला तर? अशा कशाला तरी, जे विरघळतच नाही. म्हणजे मणी जोडा, मग धुवा, गाळणीतून गाळा. सुटे मणी आणि कचरा वाहून जाईल, माळ गाळणीतच राहील. पुन्हा मणी जोडा, पुन्हा धुवा. आजीचा अंगठाच की हा!

पण अंगठा म्हणून काय वापरायचं? यातच त्याची तीन-चार वर्षं गेली. त्याने कागदात असतं ते सेल्युलोज वापरून बघितलं, आणखी कितीतरी पदार्थ बघितले. काही टिकेनात, काहींवर मणी नीट जोडले जाईनात. शेवटी जमलं ते पॉलिस्टायरीनचं रेझीन.

रेझीन म्हणजे राळ. सातपुड्यात सालईच्या झाडाला खाच पडली की चिकट, सुगंधी राळ ओघळते, ती तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. पूर्वी रेझीन हा शब्द अशा झाडाच्या राळेसाठीच होता, पुढे माणसाने कारखान्यात बनवलेल्या पदार्थांनाही तो चिकटला. मेरीफिल्डचं रेझीन झाडाचं नव्हतं. ते थर्माकोलचं भावंड होतं! थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. त्यावर नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनचा थेंब टाकला तर खड्डा पडतो आणि थर्माकोल लिबलिबीत होऊन बसतं. (हे करून बघायचं तर घरातलं मोठं माणूस सोबत हवं आणि खिडकी उघडी.) पॉलिस्टायरीनचे रेणू म्हणजे सुट्या लांब दोऱ्या. योग्य द्रव मिळाला की त्या एकमेकींपासून सुटतात आणि विरघळतात. मग अशा विरघळणाऱ्या पदार्थाचा अंगठा कसा होणार?

उपाय बाजेसारखा आहे. सुटी दोरी कुठेही वाहून जाईल, पण बाजेला विणलेली दोरी जाईल का? पॉलिस्टायरीन बनवतानाच त्यात डायव्हिनायलबेन्झीन नावाचा पदार्थ शंभरात एक-दोन भाग एवढाच मिसळतात. तो दोऱ्यांच्या मध्ये मध्ये गाठी मारतो. मग ते विरघळत नाही. द्रव आत शिरतो, वीण ताणली जाते, दाणा फुगतो, पण सुटत नाही.

हे तुम्ही घरात पाहिलेलं आहे. एकादशीच्या आदल्या रात्री साबुदाणा भिजत घालतात ना? सकाळी दाणा टपोरा फुगलेला असतो, पण दाणा दाणाच राहतो. एक करून बघा. मूठभर साबुदाणा बीट किसून काढलेल्या लाल पाण्यात भिजवा. काही तासांनी चाळणीत घेऊन स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि एक दाणा मधोमध कापा. आतही गुलाबी! म्हणजे रंग नुसता दाण्याच्या अंगाला लागला नाही, आत शिरला. मेरीफिल्डच्या रेझीनचंही असंच. माळा दाण्याच्या फक्त सालीवर लटकत नाहीत, त्या बहुतेक सगळ्या आतल्या विणीत वाढतात. म्हणून दाणा फुगणं फार महत्त्वाचं. फुगला नाही तर नवा मणी आत पोचणारच कसा?

कोरडं रेझीन दिसायला अगदी साधं. पिवळसर पांढरी बारीक रेती म्हणा. बाटली तिरकी केली की सरसर घरंगळते. एकेक दाणा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे मिठाच्या दाण्याहूनही बारीक. योग्य द्रवात टाकला की चार-पाच पट फुगतो. आणि अशा एका दाण्याच्या पोटात एकाच वेळी लाख कोटींहून जास्त माळा वाढत असतात. सगळ्या सारख्या, सगळ्या एकाच क्रमाच्या. धडगावच्या आजीसारख्या लाख कोटी आज्या एका मिठाच्या दाण्यात बसवून बघा मनात!

आपली आठ मण्यांची माळ मात्र इथे उलटी ओवायची. दाण्याला पहिल्यांदा शेवटचा मणी बांधायचा, लायसिन. त्याची टोपी काढा, धुवा. टोपी घातलेलं ग्लुटामिक आम्ल भरपूर ओता, अडकू द्या, धुवा. टोपी काढा, धुवा. पुन्हा ग्लुटामिक आम्ल. मग प्रोलीन, थ्रिओनीन, ल्युसीन, हिस्टिडीन आणि शेवटी पहिला मणी, व्हॅलीन. आपलं शरीर याच्या उलट, पुढून मागे ओवतं. हावर्ड डिंट्झिस या शास्त्रज्ञाने 1961 मध्ये ते दाखवून दिलं, आणि तेही हिमोग्लोबिनच्याच माळांवर.

मधल्या एखाद्या पायरीला मणी नीट जोडला गेला का, हे कळणार कसं? डोळ्यांना तर काहीच दिसत नाही. त्यासाठी एक सुंदर चाचणी आहे. चिमूटभर दाणे परीक्षानळीत घ्यायचे, निनहायड्रिनचे थेंब टाकायचे आणि गरम करायचं. एखाद्या माळेचं डोकं अजून मोकळं असेल, म्हणजे मणी अडकायचा राहिला असेल, तर दाणे गर्द निळे होतात. सगळ्या माळांना मणी मिळाला असेल तर निळा रंग येतच नाही. गुन्ह्याच्या तपासात कागदावरचे बोटांचे ठसे उमटवतात तेही याच निनहायड्रिनने, कारण आपल्या घामात अमिनो आम्लं असतात. कोणाच्या बोटाचा ठसा आणि कोणाची अपुरी माळ, दोघांना उघडं पाडणारा रंग एकच.

मेरीफिल्डने 1963 मध्ये आपली पहिली माळ जगापुढे मांडली. किती मण्यांची? चार! ल्युसीन, अलॅनीन, ग्लायसीन, व्हॅलीन. पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. त्यांचं म्हणणं, दरवेळी माळ वेगळी काढून तपासायची नाही म्हणजे चुका आतच साठत जाणार. ही शंका खरोखर रास्त होती. हिशेब करून बघा. शंभर मुली प्रत्येकी 146 मण्यांची माळ ओवायला बसल्या आहेत आणि दर मण्याला शंभरात एकीचा हात चुकतो आहे. शेवटी बिनचूक माळ किती जणींकडे असेल? जेमतेम तेवीस. आणि दर मण्याला शंभरात पाच जणी चुकल्या, तर शंभर मुली पुरायच्याच नाहीत. दहा हजार मुली बसवल्या तर त्यांतल्या पाच-सहा जणींची माळ पूर्ण होईल. म्हणूनच तर सुटे मणी गरजेपेक्षा कितीतरी जास्त ओतायचे. एकही माळ उपाशी राहता कामा नये, आणि उरलेलं काय, धुतलं की गेलं. मेरीफिल्डच्या युक्तीचं खरं बळ मला या धुण्यात दिसतं. टोक घट्ट बांधलेलं असलं की कितीही उधळपट्टी करून धुता येतं.

धुणं, ओतणं, हलवणं, गाळणं, हे तेच ते काम माणसाने कशाला करायचं? मेरीफिल्डने आपल्या घराच्या तळघरात यंत्र जुळवायला घेतलं. पंप, झडपा, नळ्या आणि खुंट्या लावलेलं एक फिरतं पिंप. पिंप हळूहळू फिरायचं, खुंटी कळीला लागली की एक झडप उघडायची, दुसरी बंद व्हायची. चावी दिल्यावर गाणं वाजवणारी पेटी असते ना, तिच्यातही असंच खुंट्यांचं पिंप असतं. 1969 मध्ये मेरीफिल्ड आणि बेर्न्ड गुटे यांनी अशा यंत्रावर रायबोन्यूक्लिएज हे 124 मण्यांचं प्रथिन ओवलं. त्यासाठी 369 रासायनिक क्रिया आणि 11,931 पायऱ्या लागल्या! आणि ती माळ नुसती माळ राहिली नाही. शरीरातलं रायबोन्यूक्लिएज करतं ते काम, म्हणजे आरएनए तोडणं, ती करू लागली. 1984 चं रसायनशास्त्राचं नोबेल मेरीफिल्डला एकट्याला मिळालं.

लहानपणी मेरीफिल्डच्या कुटुंबाचं बिऱ्हाड सारखं हलायचं आणि त्याच्या शाळाही बदलत राहायच्या. आईवडील ऊसतोडीला गेले की ज्यांची शाळा मध्येच सुटते, अशी मुलं नंदुरबार जिल्ह्यातही पुष्कळ आहेत. त्यांच्यापर्यंत हा लेख पोचला तर ही एक ओळ त्यांनी जरूर वाचावी, असं मला फार वाटतं.

आता नकाशा काढा. अक्कलकुवा, तळोदा, शहादा ही गावं ज्या रस्त्यावर आहेत, तो बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. त्या रस्त्याने गुजरातेत जात राहिलं की अंकलेश्वर येतं. तिथे आयन एक्स्चेंज इंडिया या कंपनीचा रेझीनचा कारखाना आहे. पाण्यातले क्षार काढायला जे रेझीनचे दाणे वापरतात, त्यातले पुष्कळसे पॉलिस्टायरीन आणि डायव्हिनायलबेन्झीन यांच्याच विणीचे असतात. मेरीफिल्डच्या दाण्यांची ही जवळची नात्यातली मंडळी. पुण्याला गेलात तर पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिथे कृष्ण गणेश यांनी पीएनए नावाच्या माळांवर वर्षानुवर्षं काम केलं. या माळांचा कणा पेप्टाइडसारखा आणि त्यावर अक्षरं डीएनएची. त्याही अशाच रेझीनच्या दाण्यांवर ओवतात. पेप्टाइडच्या माळा कशा वळतात, कशा घडी घालतात याचा आयुष्यभर अभ्यास करणारे पद्मनाभन बलराम हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी.

आणि ती नऊ मण्यांची माळ आठवते ना, ऑक्सिटोसिन? तिच्यात सिस्टीन नावाचे दोन मणी एकमेकांना पकडतात आणि माळेचं कडं होतं, मागे तीन मण्यांची छोटी शेपटी. बाळ जन्मलं की आईचा रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून हेच औषध टोचतात. मोठ्या रुग्णालयात टोचतात आणि डोंगरातल्या छोट्या आरोग्य केंद्रातही. आज ते कोणत्या प्राण्याच्या शरीरातून काढावं लागत नाही, मणी ओवून बनवता येतं. त्याला उष्णता सोसत नाही, म्हणून ते थंडच ठेवावं लागतं. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत नर्मदेच्या फुगवट्याच्या काठी अशी गावं आहेत, जिथे दवाखाना बोटीतून जातो. तिथल्या एखाद्या आईसाठी ही इवलीशी कुपी बर्फाच्या डब्यात घालून जपत न्यावी लागते. नऊ मणी, पण क्रम बरोबर आणि कडं शाबूत हवं.

शेवटची एक पायरी सांगायची राहिली. माळ पूर्ण झाली, पण ती अजून दाण्याला बांधलेलीच आहे. ती सोडवायला तीव्र आम्ल ओततात. माळ आणि दाणा यांच्यातला दुवा तेवढा तुटतो, माळ द्रवात उतरते, आणि गाळणीत रिकामे दाणे राहतात, पुन्हा पिवळसर पांढऱ्या रेतीसारखे.

धडगावच्या आजीने दोरा दातांनी तोडला. माळ नातीच्या गळ्यात घातली, गाठ मारली, मण्यांवरून एकदा हात फिरवला. नात उठली आणि ढोलांच्या दिशेने पळाली. आजी आपला पाय चोळत बसली. अंगठ्यावर दोऱ्याचा लाल वळ उमटला होता.